उमरावाची पहिली बायको

त्या उमरावाला पहिल्या बायकोपासून दोन मुली झाल्या, मुलगा झाला नाही. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर त्याला एकाएकी आठवलं की आपले आणि तिचे खापरपणजोबा एकच आहेत. धर्मगुरूंनी कागद तपासले, माना हलवल्या आणि हे लग्न मुळात झालंच नव्हतं असा निर्वाळा दिला. बायकोला दूरच्या एका मठात पोचवलं. मोठी मुलगी सात वर्षांची होती. तिला शेजारच्या जहागीरदाराच्या घरी पाठवून दिलं, कारण त्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं आणि त्यामुळे मधली नदी आणि नदीवरची पिठाची गिरणी उमरावाच्या ताब्यात येणार होती. धाकटी घरीच ठेवली. सहा महिन्यांत नवी बायको आली, पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि त्या दिवशी म्हणे गावात दारूची पिंपं उघडी ठेवली होती.

हे सगळं मी इंग्रजीतून मराठीत उतरवत होतो. तलासरीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. एका प्रकाशकाने मध्ययुगीन युरोपातल्या या उमरावाचं चरित्र भाषांतराला दिलं होतं. पुस्तक जाडजूड, लेखक विद्वान, आणि आपल्या नायकावर भलताच खूश. उमरावाच्या ससाण्याला रोज कोणतं मांस घालायचं यावर त्याने दीड पान लिहिलं होतं. मठात बावीस वर्षं राहून मेलेल्या बायकोवर दोन ओळी. आणि त्या प्रकरणाच्या शेवटी, बहुधा सवयीने, त्याने लिहिलं होतं की उमराव कुटुंबवत्सल होता.

त्या शब्दापाशी मी दोन दिवस अडकलो. मराठीत तो इतका सहज बसत होता की मलाच शिसारी आली.

त्याच दिवसांत आमच्या भाईंची पंच्याहत्तरी आली. भाई म्हणजे माझे वडील. सगळा परिसर त्यांना भाई म्हणतो, म्हणून आम्ही मुलंही भाईच म्हणत आलो. डहाणूजवळ आमच्या चिकूच्या वाड्या आहेत, आशागडच्या पुढे रानशेतला भातशेती आहे. भाई एका सोसायटीचे कित्येक वर्षं अध्यक्ष होते. कुणाच्या घरी भांडण झालं की मिटवायला भाई, लग्नाची बोलणी करायला भाई, शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेतली खुर्ची भाईंची. त्यांच्यासाठी सत्कार समिती झाली. समितीचे कार्यवाह होते एक निवृत्त मुख्याध्यापक. ते घरी आले आणि मला म्हणाले, "गौरवग्रंथातला जीवनपरिचय तुम्हीच लिहायचा. तुम्ही इतिहासाचे. शिवाय पोटचे."

भाईंनी कपाटातून प्लास्टिकची एक मोठी फाइल काढून माझ्यापुढे टाकली. "यात सगळं आहे. फोटो, सत्काराची पत्रं, पेपरातली कात्रणं. बघ काय घ्यायचं ते."

त्यांनी ती स्वतः उघडून पाहिली नसावी, असं मला नंतर वाटलं. किंवा पाहिली असेल आणि आत काय आहे याचं त्यांना काहीच वाटलं नसेल. दुसरं जास्त खरं असावं.

पुढचं सांगण्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई ही भाईंची दुसरी बायको. पहिली बायको, जिला आम्ही मोठी आई म्हणतो, रानशेतच्या शेतावर दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. तिची मुलगी म्हणजे माझी ताई. ताई सहा वर्षांची असताना मोठी आई डहाणूच्या घरातून गेली, मग माझी आई आली, मग मी झालो. घरात सांगायची पद्धत अशी होती की मोठ्या आईला माणसांत राहवत नसे, तिला शेत आवडायचं, म्हणून ती आपणहून तिकडे गेली. ताई रडली की भाई तिला सांगायचे, "तुझी आई स्वतःच्या मर्जीने गेली. कागद आहे माझ्याकडे." ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला अंगाखांद्यावर तिनेच खेळवलं. अठराव्या वर्षी तिचं लग्न तलासरीकडच्या एका बागायतदाराच्या घरी झालं. त्या लग्नानंतर भाईंना, रानशेतला आपल्या शेताला लागून त्या घराची जी विहीर होती, तिचं पाणी मिळालं, हे मी लहानपणी अभिमानाने मित्रांना सांगत असे.

मी स्वतः मोठ्या आईकडे वर्षातून एकदा जायचो. दिवाळीला फराळाचा डबा आणि एक साडी घेऊन. गाडी बांधापाशी लावायची, अंगणात उभं राहायचं, डबा द्यायचा, "बरी आहेस ना" विचारायचं आणि निघायचं. चप्पल कधी काढली नाही. ती ओटीवर बसलेली असायची. मांडीवर जुनं वर्तमानपत्र, हातात पेन. शब्दकोडी सोडवायचा तिला नाद होता. चौकोनात अक्षरं अशी नीट भरायची की छापल्यासारखी वाटावीत. एकदा मला विचारलं होतं, "तीन अक्षरी, राजाचा सल्लागार?" मी म्हटलं, "प्रधान." ती म्हणाली, "ते मी लिहिलंय. पण आडव्याशी जुळत नाही." मी घड्याळ बघून निघालो होतो.

तर त्या फाइलमध्ये कात्रणांच्या खाली एक स्टॅम्पपेपर होता, घड्यांवर तपकिरी पडलेला. मजकूर टाइप केलेला. मी, अमुक यांची पत्नी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने पतीच्या घरातून वेगळी राहत असून मुलीचा ताबा पतीकडे देत आहे. पतीने दुसरा विवाह केल्यास माझी हरकत राहणार नाही. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि त्यांच्या वर निळ्या शाईचा एक ठसा, बाजूला लिहिलेलं: निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मी कागद हातात धरून बसून राहिलो. शब्दकोडी सोडवणाऱ्या बाईचा अंगठा.

खिडकीबाहेर शेडमध्ये बायका चिकू धुऊन पाट्यांत भरत होत्या. शेडच्या मागे सडक्या फळांचा ढीग असतो. त्याचा गोड, आंबूस वास दिवसभर घरात येतो. जन्मापासून त्या वासात राहिलो, कधी जाणवला नव्हता. त्या दुपारी जाणवला आणि मी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्कूटर काढली आणि सरावलीवरून, आशागडवरून रानशेतला गेलो. दिवाळी नव्हती, हातात डबा नव्हता. मोठी आई मला बघून घाबरलीच.

"कोणाचं काय झालं?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज?" ती म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. मी पहिल्यांदाच चप्पल काढून आत गेलो. आतली खोली स्वच्छ सारवलेली. एका कोपऱ्यात गॅस, एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेली वर्तमानपत्रं. चहा दिला. मी कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घाई न करता.

"हा तुझा अंगठा आहे?"

"माझाच."

"पण तुला तर लिहिता येतं."

"सातवी पास आहे मी," ती जराशी दुखावून म्हणाली. "सही करते असंच म्हटलं होतं. पेन मागितलं. पण आधी वाचते म्हटलं. वाचून झाल्यावर म्हटलं, हे खोटं आहे, मी कुठे खुशीने जातेय? मी नाही सही करणार."

"मग?"

"मग काय. यांनी मनगट धरलं. वकिलाकडचा माणूस होता, त्याने अंगठा शाईत बुडवला आणि टेकवला. मी मूठ आवळली होती, पण ते दोघं होते."

तिने आपलं डावं मनगट उजव्या हाताने धरून दाखवलं. त्या मनगटापेक्षाही मला सहन झालं नाही ते "यांनी". पंचेचाळीस वर्षं शेतावर टाकून दिलेली बाई त्या माणसाबद्दल अजून आदराने बोलत होती.

"शाई दोन दिवस गेली नाही," ती म्हणाली. "निघायच्या सकाळी ताईची वेणी घातली तर तिच्या पांढऱ्या रिबिनीला लागली. तिला शाळेत बोलतील म्हणून मी धूत बसले. डाग गेला नाही. तेवढ्यात बैलगाडी आली."

"तू ताईला कधी सांगितलं का नाहीस? ती आयुष्यभर समजते की तू तिला टाकून गेलीस."

"सांगून काय करणार होती ती? तिला त्याच घरात जेवायचं होतं, त्याच माणसाला बाप म्हणायचं होतं. लग्न त्यांनीच लावून द्यायचं होतं. माझ्यावर रागावलेली बरी. रागावून निदान सुखाने जगली."

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला त्या उमरावाची गोष्ट सांगितली. खापरपणजोबांचं निमित्त, मठ, सात वर्षांची मुलगी, पिठाची गिरणी. तिने अगदी लक्ष देऊन ऐकली.

"त्या मठात तिला बोलायला कोण होतं?" तिने विचारलं.

"पुस्तकात नाही."

"दुसरीचा मुलगा तिला भेटायला जायचा का कधी?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"नसेल जात," ती म्हणाली आणि माझा कप उचलून धुवायला गेली. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच मला बसवेना.

त्या संध्याकाळी भाई जेवण उरकून चिकू खात होते. वाडीतला पहिल्या प्रतीचा चिकू त्यांच्यासाठी वेगळा काढतात. ते साल काढत नाहीत. फळ दाबून गर चोखतात आणि बिया तळहातावर थुंकतात. मी समोर बसून कागद टेबलावर ठेवला.

"हा कुठून काढलास?"

"तुम्हीच दिलात. फाइलमध्ये होता."

"तो नको घेऊस पुस्तकात," ते म्हणाले आणि पुढचा चिकू उचलला.

"तुम्ही तिचा हात धरून अंगठा उठवलात?"

"वकील म्हणाला, अंगठा चालतो."

"चालतो की नाही ते मी विचारत नाही, भाई."

"मग काय विचारतोस?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "वाडी कुणी सांभाळली असती? मुलीच्या सासऱ्याने? तिला काय मी रस्त्यावर टाकलं? घर दिलं, दरवर्षी भात दिला, साडी दिली. कुणी एवढंही करत नाही. आणि तू मला विचारतोस? तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं. ती इथे राहिली असती तर तू कुठे असतास?"

बोलताना त्यांच्या हनुवटीवर चिकूचा रस ओघळत होता आणि त्यांनी तो तळहाताच्या मागच्या बाजूने पुसला. लहानपणी याच हाताने त्यांनी मला चिकू भरवला आहे. मला त्या हाताची किळस आली, आणि किळस आल्यावर आपली हनुवटी, आपलं कपाळ, आपली बोटं अगदी याच माणसासारखी आहेत हेही आठवलं. माझ्या उत्तराची वाट न बघता ते हात धुवायला उठले.

आई दारात उभी होती. भाई गेल्यावर हळूच म्हणाली, "मला लग्नाआधी सांगितलं होतं, ती वेडी आहे. अंगावर धावून येते. मी पहिल्या वर्षी भिऊनच होते. मग एकदा भाताच्या लावणीला रानशेतला नेलं मला. बघते तर ती पेपर वाचत बसलेली. मला म्हणाली, ये, पाणी घे."

"मग तू काय केलंस?"

"पाणी घेतलं," आई म्हणाली. "आणि घरी आले."

दोन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर मी ताईच्या घरी गेलो. कॉलेजपासून तिचं घर जवळ आहे, आठवड्यातून एक-दोनदा मी तिच्याकडेच जेवतो. तिला कागद दाखवला आणि मोठी आई जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. ताई भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. रिबिनीचं सांगितलं तेव्हा मात्र तिने विळी बाजूला सरकवली.

"निळा डाग होता," ती म्हणाली. "मला बाई ओरडल्या होत्या शाळेत. मी घरी येऊन आईला सांगायला गेले तर आई नव्हती."

मग म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही रे. माझ्या बाळंतपणाला येऊ का म्हणून तिने निरोप पाठवला होता. मी नको म्हणून सांगितलं. म्हटलं, तेव्हा गेलीस ना मर्जीने, आता कशाला." तिने मला कागदाची झेरॉक्स मागितली. कशाला ते सांगितलं नाही.

मी जीवनपरिचय लिहिला. चार पानं झाली. सोसायटी, वाड्या, शाळेला बांधून दिलेली खोली, सगळं घातलं. आणि मधे एक ओळ घातली: त्यांच्या प्रथम पत्नी रानशेत येथे असतात. एवढीच. याहून जास्त धीर मला झाला नाही. मुख्याध्यापकांनी प्रूफ आणून दिलं तेव्हा ती ओळ नव्हती.

"तुमच्याच हिताचं आहे सर," ते म्हणाले. "लोक वाचतील, उगाच चर्चा. त्या जागी मी एक वाक्य टाकलंय."

मी वाचलं. भाई हे अत्यंत कुटुंबवत्सल आहेत, असं ते वाक्य होतं.

मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी पानाच्या कोपऱ्यात सही करून प्रूफ परत दिलं.

सत्कार सरावलीकडच्या वाडीत मांडव घालून झाला. साडेचारशे खुर्च्या, तीन भाषांतली भाषणं, फेटा, शाल, चांदीचा चिकू. निवेदिकेने पुकारलं, "ज्येष्ठ कन्या भाईंना औक्षण करतील." ताई आली नव्हती. दोनदा पुकारलं. ताम्हण घेऊन उभी असलेली मुलगी इकडेतिकडे बघायला लागली, भाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मी माझ्या बायकोला डोळ्याने खूण केली. ती उठली, तिने ओवाळलं, टाळ्या झाल्या. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "मला कशाला पुढे केलंस?" कितीही शिसारी येत असली तरी भाईंचा कार्यक्रम बिघडू नये ही सवय माझ्या अंगात त्या शिसारीहून खोल गेली होती.

उमरावाचं भाषांतर मी त्याच महिन्यात संपवलं. मरताना त्याने साधूचे कपडे मागवून अंगावर चढवले होते, म्हणजे स्वर्गात दारावर कुणी अडवू नये. त्याच्या मुलाने बापाची संगमरवरी समाधी बांधली. पायाशी त्याच्या लाडक्या ससाण्याचंही शिल्प आहे. कुटुंबवत्सल हा शब्द मी तसाच ठेवला. लेखकाचा शब्द आहे, आपण फक्त भाषांतर करतो, असं स्वतःला समजावलं आणि पाठवून दिलं.

सत्कारानंतरच्या शुक्रवारी ताईचा फोन आला. "उद्या टेम्पो घेऊन येते. तू रानशेतला ये."

मी पोचलो तेव्हा ती आधीच आली होती. दोघी ओटीवर बसल्या होत्या, एकमेकींकडे न बघता. मोठी आई पुन्हा पुन्हा साडीचा पदर सारखा करत होती.

"किती दिवसांसाठी नेतेस?" तिने विचारलं.

"तुला वाटेल तितके."

"तुझ्या घरच्यांना चालेल?"

"मी त्यांना विचारलं नाही," ताई म्हणाली. "सांगितलं. कागद दाखवला आणि सांगितलं."

मोठी आई मग म्हणाली, "पेपर येतो ना तुमच्याकडे?"

"येतो."

"मग चल."

सामान ते काय असणार. एक पत्र्याची ट्रंक, गॅस, दोन हंडे. रद्दी ठेवून जा म्हटलं तर ऐकेना, म्हणून वर्तमानपत्रांचे चार गठ्ठे मी टेम्पोत चढवले. पुढच्या सीटवर तिला मधे बसवलं. टेम्पो वळताना ताईने तिचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतलेला मला दिसला. मी घराचं कुलूप लावलं आणि स्कूटरवर बसलो.

घरी आलो तेव्हा भाई झोपाळ्यावर बसले होते. बातमी त्यांना आधीच पोचली होती. मला वाटलं ते ओरडतील, किंवा निदान विचारतील, गेली का, कशी आहे, काही म्हणाली का. मी दाराशी उभा राहिलो.

"कुलूप लावलंस का?" त्यांनी विचारलं.

"लावलं."

"चावी?"

मी खिशातून काढली आणि त्यांच्या हातात दिली.